वाढदिवसाची थैली

३० जानेवारी १९३४ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ५२ वर्षांचे झाले. त्या रात्री देशभरात हजारो ठिकाणी नाचाचे जलसे झाले. मोठ्या शहरांतल्या झगमगत्या हॉटेलांत झाले, तसेच आडगावांतल्या सभागृहांतही झाले. तिकीट काढून यायचं, मध्यरात्रीपर्यंत नाचायचं आणि जमलेला पैसा पोलिओच्या रुग्णांसाठी द्यायचा. घोषणाच होती, ‘इतरांना चालता यावं म्हणून आपण नाचू या’. मंदी ऐन भरात होती, आदल्याच वर्षी बँकांनी दारं लावून घेतली होती. तरीही एका रात्रीत दहा लाख डॉलरांच्या वर रक्कम गोळा झाली.

कॅन्सरच्या लेखात हा पोलिओ कुठून आला, असं वाटेल. पण वाढदिवसाचं निमित्त साधून आजाऱ्यांसाठी देशभर पैसा उभा करायचा, ही रीत मोठ्या प्रमाणावर रुळली ती इथे. कॅन्सरवाल्यांनी ती पोलिओवाल्यांकडूनच उचलली. आज ‘पुष्पगुच्छ आणू नयेत, त्याऐवजी कॅन्सरग्रस्तांना मदत करावी’ अशी ओळ पत्रिकेत छापणाऱ्या माणसाला त्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या चुकांतून बरंच घेण्यासारखं आहे.

रूझवेल्टांना १९२१ मध्ये, ३९ व्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय गेले. जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज इथे कोमट पाण्याचे झरे होते. त्या पाण्यात व्यायाम केल्यानं आराम पडतो असं वाटून त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था काढली. पुढे ते राजकारणात परतले आणि संस्था चालवायचं ओझं त्यांचे वकिलीतले भागीदार बेसिल ओ’कॉनर यांच्या गळ्यात पडलं. मंदीत देणग्या आटल्या. तेव्हा प्रसिद्धीचा धंदा करणाऱ्या कार्ल बायोर यांनी वाढदिवसाची युक्ती काढली.

युक्ती चालली याचं कारण साधं आहे. देणगी द्यायला कुणाचा नकार नसतो, पण ती आजच का द्यायची याला उत्तर नसतं, म्हणून ती उद्यावर जाते. वाढदिवस ते उत्तर देतो. तारीख ठरलेली, पुढे ढकलता न येणारी. शिवाय त्या दिवशी खर्च होणारच असतो, पाहुणे भेट घेऊन येणारच असतात. नवा पैसा मागावा लागत नाही, खिशातून निघालेल्या पैशाची फक्त वाट वळवायची.

आता चुका. पहिल्या वर्षीचा सगळा पैसा वॉर्म स्प्रिंग्जला गेला. मग गावोगावचे लोक विचारू लागले की आमच्या गल्लीतलं पोर कुबड्यांविना घरात पडून आहे, आमचा पैसा जॉर्जियाला कशाला? पुढच्या वर्षापासून जमलेल्या रकमेतला मोठा वाटा त्या त्या गावातच ठेवायचं ठरलं. दुसरी अडचण जास्त नाजूक होती. वाढदिवस रूझवेल्टांचा, आणि रूझवेल्ट म्हणजे एक पक्ष. ज्यांना त्यांचं राजकारण पटत नव्हतं ते पोलिओलाही पैसा देईनात. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाचे साहेब पाहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कार्यक्रम कितीही चांगला असला तरी विरोधी गटातला माणूस त्या मांडवात पाय ठेवत नाही.

१९३८ मध्ये यावर तोड निघाली. पोलिओसाठी पक्षाबाहेरची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. एडी कँटर या विनोदी नटानं रेडिओवरून आवाहन करायची कल्पना मांडली की प्रत्येकानं एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसला पाठवावं. त्या मोहिमेला त्यानं ‘मार्च ऑफ डाइम्स’ हे नाव दिलं. वाढदिवसाच्या सुमारास टपालाच्या गोण्या येऊन पडल्या. त्या ढिगाऱ्यातून सरकारी पत्रं हुडकून काढायची पाळी कारकुनांवर आली. मोजदाद झाली तेव्हा २६ लाख ८० हजार नाणी भरली, म्हणजे २ लाख ६८ हजार डॉलर. ही रक्कम १९३४ च्या जलशांहून कमी होती, पण देणारे किती पटींनी वाढले होते! तिकीट काढून नाचायला जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनीही आता हातभार लावला. रूझवेल्ट १९४५ मध्ये गेले, तरी मोहीम थांबली नाही. जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीमागे याच संस्थेचा पैसा होता. १२ एप्रिल १९५५ ला, रूझवेल्टांच्या दहाव्या स्मृतिदिनी, ती लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

लशीच्या आधीपासूनच ही मोहीम बॉस्टनमध्ये बसून एक माणूस पाहत होता. सिडनी फार्बर, मुलांच्या हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर मृत मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे त्यांचं काम. रक्ताच्या कॅन्सरनं, ल्युकेमियानं, आलेलं मूल त्या काळी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचंच. फार्बरांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन पाहिलं. १९४८ च्या जूनमध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ मागे हटला होता. तात्पुरताच, पण असं आधी घडलं नव्हतं. हे औषध लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं होतं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बरांचा लेख छापून आला त्यानंतर दोनच महिन्यांत सुब्बाराव वारले.

फार्बरांना पैसा हवा होता आणि पोलिओच्या मोहिमेचा नमुना समोर होता. लोकांच्या मनात एक मूल उभं राहिलं पाहिजे, हे त्यांनी तिथून घेतलं. २२ मे १९४८ ला एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात त्यांच्या वॉर्डातल्या १२ वर्षांच्या मुलाशी गप्पा मारल्या गेल्या. बोलता बोलता त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू एकेक करून खोलीत आले. मुलाला सामने बघायला टीव्ही हवा होता, तेव्हा श्रोत्यांनी पैसे पाठवावेत, असं आवाहन झालं. त्या वर्षी दोन लाख डॉलरांच्या वर जमले. मुलाला टीव्ही मिळाला, आणि त्यातून उभा राहिलेला ‘जिमी फंड’ आजही चालू आहे.

मुलाचं नाव जिमी नव्हतं. त्याची ओळख झाकण्यासाठी ते दिलेलं होतं. पुढची ५० वर्षं बहुतेकांना वाटत होतं की तो तेव्हाच गेला असणार. १९९८ मध्ये एइनार गुस्ताफसन हा मेन राज्यातला, लांब पल्ल्याचे ट्रक चालवलेला आजोबा पुढे आला आणि कळलं की जिमी जिवंत आहे. १९४८ मध्ये एवढी काळजी घेतली गेली, आणि आज केस गेलेल्या, नाकात नळी असलेल्या पोराचा फोटो नाव-गाव-फोन नंबरासकट व्हॉट्सअॅपवर फिरतो. ते पोर बरं होऊन कॉलेजात गेलं तरी फोटो फिरतच असतो. मदतीसाठी फोटो लागतोच, हा समज मला मान्य नाही. फार्बरांचं काम फोटोशिवाय, नुसत्या आवाजावर आणि खोट्या नावावर झालं होतं.

अमेरिकेत हा धागा पुढे बराच वाढला. २००९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं स्वतःला ‘वाढदिवसांचे अधिकृत प्रायोजक’ म्हणवून घेत मोहीम काढली. आम्ही लोकांना अजून एक वाढदिवस मिळवून देतो, असा तिचा अर्थ. २०१७ मध्ये फेसबुकनं वाढदिवसाला देणगी गोळा करायची सोय दिली, आणि पहिल्याच वर्षात तीस कोटी डॉलरांच्या वर पैसा त्या वाटेनं गेला. त्यात कॅन्सरच्या संस्था पुढे होत्या.

आपल्याकडे ही गोष्ट परकी नाही. २३ जुलै १९१६ ला लोकमान्य टिळकांना ६० वर्षं पूर्ण झाली, तेव्हा पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली गेली. त्याच दिवशी सरकारनं त्यांच्या हातात भाषणांबद्दल जामीनकीची नोटीस ठेवली, तो भाग निराळा. टिळकांनी ती थैली राष्ट्रकार्याला देऊन टाकली. तेव्हापासून एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन यांना थैली देणं आणि सत्कारमूर्तीनं त्यात आपली भर घालून ती एखाद्या कामाला परत करणं हा मराठी शिरस्ता झाला. प्रश्न फक्त एवढाच की ही थैली कॅन्सरसाठी द्यायची ठरली, तर ती नेमकी कशासाठी द्यायची.

बहुतेकांच्या मनात औषध येतं. माझ्या मते तिथेच थोडी दिशा चुकते, आणि ते कसं हे कळायला परळला जावं लागतं.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासानं उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. आज तिथे विदर्भ, मराठवाडा, खानदेशाइतकीच बिहार, बंगाल, आसामातूनही माणसं येतात. रस्त्यावर, पुलाखाली, फुटपाथवर ताडपत्री बांधून, स्टोव्हवर खिचडी शिजवणारी कुटुंबं परळमध्ये कुणालाही दिसतील. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, तोंडाला मास्क लावलेलं मूल मांडीवर.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे तीव्र ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने जोराचे, केमोच्या सायकलमागून सायकल. नंतर मूल ‘मेंटेनन्स’वर जातं. मग रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. हे मेथोट्रेक्सेट म्हणजे फार्बरांच्या अमिनोप्टेरिनचं सख्खं भावंड. आज ते स्वस्त औषधांत मोडतं. गोळी स्वस्त, पण ती घेत घेत मुंबईत राहणं महाग, असा हा उलटा हिशेब आहे.

मुंबईत राहायलाच का हवं? वॉर्डाबाहेर आया एकमेकींना विचारत असतात, ‘काउंट आला का?’ हा काउंट म्हणजे रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींची संख्या. केमोनं कॅन्सरच्या पेशींबरोबर याही मरतात. काउंट तळाला गेलेला असताना ताप आला तर तो साधा ताप नसतो. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावं लागतं, नाहीतर काही तासांत मूल हातचं जातं. दुपारी ताप आला आणि गाव गडचिरोलीत असेल तर? म्हणून डॉक्टर जवळच राहा म्हणतात. आणि जवळ म्हणजे फुटपाथ असेल, तर धूळ, डास आणि उघड्यावरचं पाणी तोच संसर्ग देतात ज्यापासून मुलाला वाचवायचं असतं. तेव्हा स्वच्छ खोली हा दानधर्माचा भाग न मानता उपचाराचा भाग मानायला हवा.

शिवाय बाप रजा संपल्यावर किंवा मुळात रोजंदारीवर असतो म्हणून गावी परततो, आई एका पोराला घेऊन इथे आणि दुसरं आजीकडे. तीन-चार महिन्यांत पोराची तब्येत सुधारते, ते खेळायला लागतं, आणि घरचे म्हणतात की आता बरं झालं, चला. इथे घात होतो. उपचार अर्धवट सुटले की आजार उलटतो आणि दुसऱ्या खेपेला औषधं दाद देत नाहीत. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दहांतली आठ मुलं बरी होतात, गरीब देशांत मात्र तीनसुद्धा होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना यामागची जी कारणं देते, त्यांत उपचार मध्येच सोडणं हे एक मोठं कारण आहे. टाटातल्या मुलांच्या विभागानं राहणं, खाणं, प्रवास, समुपदेशन हे सगळं एका सूत्रात बांधून मिळवून दिलं, तेव्हा उपचार सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवरून पाचाच्या आसपास आलं.

औषधांसाठी निदान काही दारं उघडी आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग आहे, मोठे न्यास आहेत. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत शंभर टक्के, आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. पुष्कळांना ती ठाऊक नसते. पण महिनोन्महिने खोलीचं भाडं, रोजची टॅक्सी, अंडी-दूध-फळं, बुडालेली मजुरी हे कुठल्याच पॅकेजात बसत नाही.

ही पोकळी भरणाऱ्या जागा परळ-दादरच्या आसपास आहेत. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी आहेत, तीही विनामूल्य. तिथली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा मिळते आणि सामाईक स्वयंपाकघरात शेगडी. शिधा संस्था देते, स्वयंपाक आईनं करायचा. घरच्या चवीचं असेल तर केमोनं तोंडाची चव गेलेलं पोरही दोन घास जास्त खातं, आणि आयतं खाण्याचा संकोच घरच्यांना राहत नाही. एका कुटुंबाचा अशा ठिकाणचा महिन्याचा खर्च म्हणजे हॉल, केटरिंग आणि फुग्यांची कमान असलेल्या पहिल्या वाढदिवसाच्या बिलातला एक कोपरा.

म्हणून थैली देताना पत्रात स्पष्ट लिहावं की ही रक्कम निवास, प्रवास आणि आहारासाठी वापरावी. संस्था असं बंधन पाळतात आणि विचारलं तर हिशेबही देतात.

पैसा कुणाच्या खात्यात जमा होतो, हे मात्र आधी ठरवा. भावाच्या उत्साही मित्रानं स्वतःचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला, तर हेतू कितीही चांगला असो, तो पैसा कागदोपत्री त्याचाच. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळानं किंवा गटानं लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणपतीची मंडळं घेतात तीच. सोपा मार्ग म्हणजे संस्थेचाच क्यूआर कोड पत्रिकेवर छापणं. मग प्रत्येकाला पावती त्याच्या नावानं मिळते आणि आयकराच्या सवलतीसाठी लागणारा दाखला संस्थाच देते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला तर मुळातच नाही. एखाद्याच रुग्णाला मदत करायची असेल तर हॉस्पिटलातल्या त्याच्या नोंदणी क्रमांकावर, रक्कम हॉस्पिटलच्याच खात्यात भरावी.

वाढदिवस वॉर्डातच साजरा करू या, केक तिथे कापू या, ही हौस बऱ्याच जणांना असते. हॉस्पिटलं नको म्हणतात ते शिष्टपणानं नव्हे. काउंट खाली गेलेल्या मुलाजवळ दहा-बारा पाहुणे, तासभर उघडा पडलेला क्रीमचा केक, त्यावर फुंकर मारून विझवलेल्या मेणबत्त्या, सोबत फुलं. यातलं प्रत्येक जंतूंच्या सोयीचं आहे. त्यापेक्षा समाजसेवा विभागाला विचारून बंद पाकिटातल्या वस्तू, रंगपेट्या, नवे कपडे पाठवावेत.

आणि रक्तदानाचं. वाढदिवसाचं रक्तदान शिबिर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, पण केमोवरच्या मुलाला वारंवार लागतात त्या प्लेटलेट्स, आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. लाल पेशी महिनाभराहून जास्त राहतात. एका दिवशी पाचशे बाटल्या जमवल्या तर त्यांतल्या प्लेटलेट्स आठवड्याभरात वाया जाण्याची भीती असते. पाचशेंऐवजी पन्नास-पन्नास जणांनी वर्षभर पाळीपाळीनं यायचं ठरवलं तर रक्तपेढीवाले हात जोडतील. सर्वांत जास्त चणचण असते ती मे महिन्यात, जेव्हा कॉलेजं बंद आणि माणसं गावी गेलेली, आणि मग दिवाळीच्या सुट्टीत. एरवी मे महिन्यात वाढदिवस असलेल्यांची तक्रार असते की मित्र कुणी शहरात सापडत नाहीत. त्यांनी तरी तारीख जवळच्या रक्तपेढीला एप्रिलमध्येच कळवून ठेवावी.